‘पॉझिटिव्ह’ म्हणजे आजारी का? सिकलसेलच्या शब्दांचा शंभर वर्षांचा गोंधळ

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात बोदलकसा आहे. मोठा तलाव, भोवती जंगल, आणि थोडं बाहेर पडलं की धानाच्या बांध्या. पर्यटक इथे तलाव पाहायला येतात. आरोग्य खात्याची माणसं मात्र या सगळ्या भागात आणखी एका कामासाठी फिरतात, ते म्हणजे सिकलसेलची तपासणी.

समजा, या भागातल्या एका घरात मुलीचं लग्न ठरत आलं आहे. गावात तपासणी झाली, बोटातून थेंबभर रक्त घेतलं आणि कागदावर शब्द आला : ‘पॉझिटिव्ह’. मुलगी ठणठणीत आहे. रोवणीच्या दिवसांत सगळ्यांच्या बरोबरीने चिखलात उभी राहते. पण घरात रडारड सुरू होते. शेजारच्या गल्लीतला एक मुलगा सिकलसेलने सारखा दवाखान्यात असतो, त्याचाही रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’च होता, हे सगळ्यांना माहीत असतं. आज ना उद्या हिचंही तसंच होणार, असं सगळे धरून चालतात. बातमी मुलाकडच्यांपर्यंत जाते आणि सोयरीक डळमळते.

तुम्ही म्हणाल, खेड्यातली साधी माणसं, त्यांना काय कळणार. म्हणूनच आज तुम्हाला या आजाराचा थोडा इतिहास सांगायचा आहे. या घराने जी चूक केली, अगदी तीच चूक अमेरिकेतल्या नामवंत डॉक्टरांनी पंचवीस-तीस वर्षं केली होती. त्यांच्याकडे बुद्धी होती, सूक्ष्मदर्शक होता, प्रयोगशाळा होत्या. पण एका विषयाचे लोक जे बोलत होते, ते दुसऱ्या विषयाच्या लोकांपर्यंत पोचत नव्हतं, आणि एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जात होता.

विळा दिसला, पण अर्थ लागला नाही

१९०४ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयात वेस्ट इंडीजमधून दंतवैद्यक शिकायला आलेला एक तरुण दाखल झाला. खोकला, ताप, दम आणि रक्त कमी. शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांनी त्याचं रक्त काचपट्टीवर पाहिलं. तांबड्या पेशी एरवी गोल असतात, इथे त्यांतल्या काही लांबट आणि वाकड्या होत्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये याबद्दल लेख लिहिला आणि त्या पेशींना विळ्याच्या आकाराच्या म्हटलं. हा आजार कोणता, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नाही. ‘सिकलसेल ॲनिमिया’ हे नाव रुळलं ते १९२२ मध्ये, व्हर्न मेसन यांच्या लेखानंतर.

सिकल म्हणजे विळा. धान कापणाऱ्या गोंदियाच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गोल पेशी बारीक रक्तवाहिनीतून वाकून-घसरून निघून जाते. विळ्यासारखी ताठ झालेली पेशी अडकते. ती जिथे अडकते तिथे रक्त पोचत नाही आणि असह्य वेदना होतात. अशा पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी होतं आणि डोळे पिवळे दिसतात.

पण त्याआधीच, १९१७ मध्ये, व्हिक्टर एमेल यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली होती. रुग्णाच्या वडिलांचं रक्त काचपट्टीवर बंद करून ठेवलं, तर त्यांच्याही पेशी विळ्यासारख्या झाल्या. वडिलांना मात्र काहीच त्रास नव्हता. पुढे अशी निरोगी माणसं पुष्कळ सापडू लागली.

आता यांना म्हणायचं काय? डॉक्टरांनी शब्द शोधला ‘सुप्त’. म्हणजे आजार आत झोपलेला आहे, केव्हाही जागा होईल. १९२३ मध्ये टालियाफेरो आणि हक यांनी आनुवंशिकतेचा विचार करूनही निष्कर्ष काढला तो असा, की हा एकच गुणधर्म आहे, कुणात सौम्य दिसतो तर कुणात तीव्र. बोदलकशाजवळच्या त्या घराने नेमका हाच निष्कर्ष काढला होता! ‘आज ना उद्या हिचंही तसंच होणार.’

१९३३ मध्ये मेम्फिसचे लेम्युएल डिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बजावून सांगितलं, की नुसती वाहकता आणि प्रत्यक्ष आजार या वेगळ्या गोष्टी समजा, एकीतून दुसरी उद्भवत नाही. पण का उद्भवत नाही, याचं उत्तर रक्ताच्या डॉक्टरांच्या भाषेत नव्हतं. ते दुसऱ्या दोन भाषांत होतं, रसायनशास्त्राच्या आणि आनुवंशशास्त्राच्या.

जेवणाच्या टेबलावरचं एक वाक्य

१९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय संशोधनाविषयीच्या एका सरकारी समितीचे सदस्य जेवायला बसले होते. त्यांत हार्वर्डचे रक्तरोगतज्ज्ञ विल्यम कॅसल होते आणि रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंगही होते. कॅसल सिकलसेलबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की या पेशी ऑक्सिजन कमी असला की वाकड्या होतात, ऑक्सिजन मिळाला की पुन्हा सरळ होतात.

रक्ताच्या डॉक्टरांना ही माहिती जुनी होती. १९२७ मध्येच हान आणि गिलेस्पी यांनी ते दाखवलं होतं. पण पाउलिंग यांनी हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन यांचं नातं रसायनशास्त्राच्या अंगाने अभ्यासलेलं होतं. त्यांच्या मनात लगेच आलं, की मग दोष पेशीत नसेल, पेशीच्या आतल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत असेल. ऑक्सिजन धरणारा तोच आहे.

कॅसल यांनी ती गोष्ट आपल्या विषयाच्या जड शब्दांत सांगितली असती, तर कदाचित पाउलिंग यांचं तिकडे लक्षही गेलं नसतं. घडणारी गोष्ट जशी घडते तशी सांगितली, म्हणून ऐकणाऱ्याला आपलं ज्ञान तिला जोडता आलं.

तरी नुसत्या कल्पनेने भागत नाही. दोन्हीकडचं कळणारा माणूस हवा होता. तो हार्वे इटानो यांच्या रूपाने मिळाला. वैद्यकीय पदवी घेतलेले इटानो रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला पाउलिंग यांच्याकडे आले. इटानो, सिंगर, वेल्स आणि पाउलिंग यांनी विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन सोडून ते किती वेगाने सरकतं हे पाहिलं. याच पद्धतीला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात, तुमच्या रिपोर्टवर येणारा शब्द हाच. रुग्णाचं हिमोग्लोबिन वेगळ्या तऱ्हेने सरकलं. निरोगी वाहकांच्या रक्तात मात्र दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन होतं, नेहमीचंही आणि सिकलचंही. हे १९४९ मध्ये प्रसिद्ध झालं. आजाराचं मूळ एका रेणूत आहे, हे पहिल्यांदाच कुणीतरी असं दाखवून दिलं होतं.

त्याच वर्षी आनुवंशशास्त्राच्या बाजूने जेम्स नील यांनी आणि आफ्रिकेत काम करणारे डॉक्टर ई. ए. बीट यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की आजारी मुलाला सिकलचा जनुक आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेला असतो. एकाकडूनच मिळाला तर माणूस वाहक असतो.

रसायनशास्त्र म्हणालं, वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार आहेत. आनुवंशशास्त्र म्हणालं, वाहकाकडे दोन्ही जनुक आहेत. दोन वेगळ्या भाषांतलं उत्तर एकच निघालं आणि ‘सुप्त आजार’ ही कल्पना निकालात निघाली. वाहकात आजार झोपलेला नसतो. त्याच्याजवळ एक चांगला जनुक असतो आणि तो जन्मभर काम करतो. वाहक म्हणून जन्मलेला माणूस वाहकच राहतो, त्याचा पुढे रुग्ण होत नाही.

पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी फरक किती बारीक आहे ते शोधलं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यांतलं फक्त सहावं बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन.

मलेरियाची फाइल आणि रक्ताची फाइल

मग असा घातक जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून कसा राहिला? हे कोडं सोडवलं अँथनी ॲलिसन यांनी. केनियात वाढलेल्या या डॉक्टरांना आनुवंशशास्त्रही येत होतं. समुद्रकिनाऱ्याजवळ आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी वाहक जास्त आणि थंड उंच प्रदेशात फार कमी, हे त्यांनी पाहिलं. मलेरियाचा नकाशाही तसाच होता. १९५४ मध्ये त्यांनी मांडलं, की वाहकांना मलेरियाच्या तीव्र स्वरूपापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं, म्हणून तो जनुक टिकला. मलेरियावाले आणि रक्तवाले आपापल्या फायली वेगळ्या ठेवत होते. ॲलिसन यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या.

गोंदिया-गडचिरोलीचा जंगलपट्टा मलेरियाचा म्हणून ओळखला जातो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सिकलचा जनुकही इथे का जास्त आढळतो, हे आता लक्षात येईल. पण एक खबरदारी घ्या. संरक्षण मिळतं ते वाहकाला, तेही पुरतं नाही. ज्याला सिकलसेलचा आजार आहे त्याच्यासाठी मलेरिया उलट जास्त धोक्याचा असतो. त्याने मच्छरदाणी वापरायलाच हवी आणि ताप अंगावर काढायचा नाही.

‘तो तर आदिवासींचा आजार’

भारतात १९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये, तर डनलॉप आणि मुजुमदार यांनी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्ये सिकलच्या पेशी नोंदवल्या. त्यातून ‘आदिवासींचा आजार’ असा शिक्का बसला. पण १९५८ मध्ये नागपूरचे डॉक्टर शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर लेख प्रसिद्ध केले आणि विदर्भात आदिवासी नसलेल्या समाजांतही हा जनुक असल्याचं समोर आलं.

शिक्के मात्र लेखांपेक्षा जास्त टिकतात. ‘आमच्यात नसतं हे’ असं म्हणून तपासणी टाळणारी घरं आजही आहेत. आणि ज्या समाजांत हे जास्त आढळतं, त्यांना उगाच कमीपणा वाटतो. जनुकाला जात कळत नाही. तो फक्त आई-वडिलांकडून मुलांकडे जातो.

एक रुग्ण, पाच नावं

पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांकडे या दुखण्याला डॉक्टरांच्या कितीतरी आधीपासून नावं होती. घानाचे डॉक्टर कोनोटे-अहुलू यांनी ती गोळा केली. त्यांतली काही नुसती उच्चारली तरी ठणका लागल्यासारखी वाटतात, ‘च्वेच्वेच्वे’, ‘न्वीवी’. पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या मुलांचं दुखणं पाहिलेल्या माणसांचे ते शब्द होते, आणि हाडात होणाऱ्या त्या वारंवार वेदनेचं वर्णन त्यांत अचूक होतं.

आपल्याकडचा रुग्णही असंच नेमकं सांगतो. ‘हाडं ठणकतात’, ‘सांधे धरतात’, ‘डोळे पिवळे होतात’, ‘थंडी-पावसात जास्त होतं’. मग तो वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातो. बालरोगतज्ज्ञ बाळाचे सुजलेले हातपाय पाहून ‘डॅक्टिलायटिस’ लिहितात. अस्थिरोगतज्ज्ञ खुब्याचं हाड खराब झालेलं पाहून ‘एव्हीएन’ लिहितात. फिजिशियन ‘ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम’ लिहितात. नेत्रतज्ज्ञ ‘रेटिनोपॅथी’ लिहितात. आणखी कुणी नुसतं ‘ॲनिमिया’ लिहून लोहाच्या गोळ्या देतं. घरचे समजतात, याला पाच आजार आहेत. खरं म्हणजे आजार एकच, अडकलेल्या विळ्यांचा. प्रत्येकाने आपल्या खिडकीतून दिसलेल्या भागाला नाव दिलं.

यात नुकसान होतं. ‘रक्त कमी’ म्हणजे लोह कमी, असं इथे नसतं. पेशी फुटल्यामुळे रक्त कमी झालेलं असतं, म्हणून लोह फक्त तपासणीत कमी आढळलं तरच घ्यायचं. डोळे पिवळे झाले म्हणून ‘कावीळ उतरवायला’ नेण्यात वेळ जातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, वेदना बाहेरून दिसत नाही म्हणून ‘नाटक करतो’ असं रुग्णाला ऐकावं लागतं, कधी घरी, कधी दवाखान्यातही. ही वेदना खरी असते आणि तिच्यावर पुरेसे वेदनाशामक उपचार मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.

‘हे तर कॅन्सरचं औषध!’

१९४८ मध्ये जेनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना दिसलं, की आजार असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात विळे फार कमी बनतात, कारण त्यांच्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं. म्हणजे ते हिमोग्लोबिन वाढवता आलं तर आजार सौम्य होईल. पुढे अनेक वर्षांनी लक्षात आलं, की कॅन्सरतज्ज्ञ वापरत असलेलं हायड्रॉक्सियुरिया हे औषध तेच करतं. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या औषधाने वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले.

आता हेच औषध रुग्णाला लिहून दिलं, की घरातलं शिकलेलं कुणीतरी मोबाइलवर नाव शोधतं आणि ‘हे तर कॅन्सरचं औषध’ म्हणून ते बंद होतं. औषधाचा जन्म दुसऱ्या विभागात झाला, एवढंच. सिकलसेलमध्ये ते कमी मात्रेत आणि रक्ताच्या नियमित तपासण्या करत देतात. गरोदरपणात किंवा मूल हवं असताना आधी डॉक्टरांना सांगायचं. मनाने सुरू करायचं नाही आणि मनाने बंदही करायचं नाही.

रिपोर्ट हातात आला की हे विचारा

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. प्रभावित भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द आणखी कितीतरी घरांत जाणार. तेव्हा एवढं जवळ ठेवा.

‘माझी कोणती तपासणी झाली?’ गावात बऱ्याचदा होते ती सोल्युबिलिटी चाचणी. रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे का, एवढंच ती सांगते. वाहक की रुग्ण, हे तिला कळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर ती भरवशाचीही नसते. पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्यायलाच हवी.

‘मी एएस आहे की एसएस?’ एएस म्हणजे वाहक. औषधाची गरज नसते, लग्न, काम, शिक्षण सगळं नेहमीसारखं. लघवीतून रक्त गेलं किंवा कडक उन्हात अतिश्रम करायचे असतील तर मात्र डॉक्टरांना आपण वाहक असल्याचं सांगावं आणि पाणी भरपूर प्यावं. एसएस म्हणजे रुग्ण. त्याला नियमित उपचार लागतात, फॉलिक ॲसिड, लसीकरण, भरपूर पाणी. थॅलेसेमियासोबतचं सिकल असा तिसरा प्रकारही रिपोर्टमध्ये दिसू शकतो, तोही आजारच आहे.

‘जोडीदाराची तपासणी झाली का?’ दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. एक मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा याचा अर्थ नाही, दर वेळी चिठ्ठी नव्याने निघते. एक वाहक आणि एक निरोगी असेल तर मुलांना हा आजार होत नाही. दोघं वाहक असतील तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना भेटा, वारेच्या किंवा गर्भजलाच्या नमुन्यातून बाळाची तपासणी करता येते.

‘कोणत्या लक्षणांना थांबायचं नाही?’ रुग्णाला १०१ अंशांच्या वर ताप, छातीत दुखणं किंवा दम, अचानक पांढरं पडणं आणि डाव्या बरगडीखाली फुगणं, हातपाय लुळे पडणं किंवा बोलणं अडखळणं, न थांबणारी वेदना. यांतलं एकही दिसलं तर लगेच रुग्णालय.

आणि डॉक्टर बोलतात ते कळलं नाही, तर सरळ सांगा, ‘डॉक्टर, हे मला माझ्या भाषेत सांगा.’ त्यात लाज कसली? पाउलिंग यांच्यासारख्या शास्त्रज्ञालाही कुणीतरी सोप्या शब्दांत सांगितलं, तेव्हाच धागा सापडला. मग तुम्हाला जे कळलं ते डॉक्टरांना परत सांगून दाखवा. चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होईल.

आता त्या मुलीकडे परत येऊ. तिचा दुसरा रिपोर्ट एएस आला, मुलाची तपासणी केली आणि त्याचा साधा आला, तर सोयरीक मोडण्याचं काही कारण उरत नाही. मुलगाही वाहक निघाला, तर निर्णय त्या दोघांनी घ्यायचा आहे, पण तो सगळी माहिती हातात घेऊन. कागदावरच्या एका अर्धवट शब्दाला घाबरून नव्हे.